तिसरी हाक

पिरंगुटला आमच्या गावाची, मुठ्याची जीप भरल्याशिवाय हलत नाही आणि मला रिकामं बसता येत नाही. सासूबाईंचे डोळे तपासून घेऊन बावधनहून परत निघालो होतो. जीपमध्ये बसल्या बसल्या मी मोबाइलवर आमच्या हॅचरीचा कॅमेरा उघडला.

कॅमेऱ्यासमोर साधा काचेचा थर्मामीटर टांगलेला आहे. त्याचा पारा अडतीसच्या पुढे गेला होता. अंडी उबवायचं मशीन चालवणारा प्रोग्रॅम मात्र सांगत होता, सदतीस. मघाशीही सदतीस, त्याच्या आधीही सदतीस. सेन्सर अडकला होता आणि हा दिवटा अजून ऊब हवी म्हणून हीटर पेटवून बसला होता.

"आत्या, अंडी उकडतायत!" मी ओरडलेच.

धोंडाबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, ताडकन उठल्या आणि टपाला डोकं आपटून खाली बसल्या. गावरान अंडी होती, सगळ्या मुठा खोऱ्यातून त्यांनी वेचून आणलेली, आणि उद्या-परवा फुटायची होती. मागच्या खेपेला निम्मी पिल्लं कवचातच मेली, तेव्हा त्या जेवेनात की बोलेनात. या खेपेला असं झालं तर हॅचरीला कुलूप, असं त्यांनीच जाहीर केलं होतं.

कुलूप आत्ताही होतंच, आणि किल्ली त्यांच्या कमरेच्या पिशवीत. कुलूप फोडायला सांगावं तर शेजारचा गोमा रानात गेलेला, फोन लागेना. माझा नवरा किशोर कंपनीत, आणि तिथे फोन गेटवर ठेवून घेतात.

"दयानंद, काढ की गाडी!" मी ड्रायव्हरला म्हणाले.

"वैनी, अजून तीन शिटं."

काढली असती तरी काय? मुठ्याला पोचेपर्यंत अंड्यांचा रस्सा झाला असता. लॅपटॉप पिशवीत होता, आयटीतल्या बाईचं ते दुसरं मंगळसूत्रच. मी तो मांडीवर उघडला आणि हॅचरीतल्या कॉम्प्युटरला जोडला.

हा प्रोग्रॅम माझ्या दिराचा, निरंजनचा. आईला करून दिला आणि नोकरीसाठी बंगळूरला गेला. जाताना कडाक्याचं भांडण झालं. "गेलास तर मी मेले समज," असं आत्या म्हणाल्या, आणि त्या शहाण्यानं तसं समजूनही घेतलं. प्रोग्रॅमच्या आत काय लिहिलंय ते त्यालाच ठाऊक. मला फक्त चालू-बंद करता येतं.

"काय करतीयास?" आत्यांनी विचारलं. डोळ्यांत औषधाचे थेंब घातलेले, त्यांना पुढचं काही दिसत नव्हतं.

"त्याला सिग्नल पाठवतेय, टर्म नावाचा. म्हणजे, बाबा रे, आवर आता. तो मिळाला की त्यानं हीटर बंद करायचा, झडपा उघडायच्या आणि थांबायचं."

पाठवला. ढिम्म! परत पाठवला. स्क्रीनवर अक्षर उमटेना. पारा आणखी वर.

"ऐकत नाही मेला! टर्मकडे कानाडोळा करायची सोय असते, ती बरी लिहून ठेवलीय यानं. आत्या, तुमचा लेक आणि त्याचा प्रोग्रॅम, एकाच माळेचे मणी!"

"मंग आता?"

आता एकच उरलं होतं, किल मायनस नाइन. तो सिग्नल कुठल्याही प्रोग्रॅमला टाळता येत नाही. पण त्यात सांगणं-सवरणं नाही, बसल्या जागी खलास. हीटर बंद करायलाही वेळ मिळत नाही, तो पेटला तसाच राहतो. मारून लगेच परत चालू केला तर सेन्सर कदाचित भानावर येईल. पण चालू होताना हा आधी मशीन कडकडीत तापवतो. निव्वळ जुगार होता आणि डावावर आत्यांची पिल्लं.

तेवढ्यात पाट्या घेऊन दोन बायका चढल्या. दयानंदनं इंजिन चालू केलं. "एकच शीट ऱ्हायलंय, वाटंत घेऊ."

"थांब! घाटात रेंज जाते."

"आत्ता तर काढ म्हनत व्हता!"

"आता थांब म्हणते! ऐक जरा!"

मायनस नाइन टाइप केलं आणि एंटरवर बोट ठेवलं. शेजारी आत्या स्वतःशीच पुटपुटत होत्या.

"त्योबी असाच. दिवाळीला दोनदा फोन लावलाता म्या. दोनदा! उचलला न्हाई. मंग म्या कशापायी लावू? आई हाय मी त्याची, भिकारीन न्हाई."

दोनदा. माझं बोट थांबलं.

नवी नवरी होते तेव्हाची गोष्ट. तिन्हीसांजेला निरंजनला चहाला हाक मारली. हा ओट्यावर समोरच बसलेला, पण गप्प. दुसरी हाक मारली, तरी गप्प. तिसऱ्यांदा मी खेकसले तेव्हा म्हणतो, "ओ वहिनी!" मी तो चहा त्याच्या डोक्यावर ओतणार होते. तर हसून म्हणाला, "आयेनं शिकवलंय. भूत दोनदाच हाक मारतं. तिसरी हाक माणसाची."

मी मायनस नाइन पुसलं आणि तिसऱ्यांदा टर्म पाठवला.

स्क्रीनवर ओळ उमटली: ओ. हीटर बंद. झडपा उघडतोय.

मला रडू फुटलं आणि हसूही आलं. पाट्यावाल्या बायका वेडीकडे बघावं तशा माझ्याकडे बघायला लागल्या. थोड्या वेळानं पारा हलला, केसभर, पण खाली.

"थांबला, आत्या. तिसऱ्या हाकेला ओ दिली त्यानं. घरी पोचेपर्यंत अंडी जरा गार होतील, चालेल ना?"

"न चालायला काय झालं? कोंबडीबी दानं टिपायला उठतीच की." त्यांनी पदरानं डोळे टिपले. थेंबांमुळे असेल.

"काढू का आता?" दयानंदनं विचारलं.

"काढ बाबा."

जीप निघाली. मला गप्प बसवेना. "आत्या, दोनदाच लावलात तुम्ही फोन. आणि शिकवण तुमचीच."

बाजार मागे पडला, कंपन्यांच्या भिंती संपल्या. किल्लीची पिशवी त्या मुठीत आवळत होत्या, सोडत होत्या.

"शुभे, रेंज हाय का अजून?"

"घाटापर्यंत आहे."

"मंग लाव."

मी फोन लावून त्यांच्या कानाला धरला. बराच वेळ रिंग वाजत राहिली. घाट जवळ येत होता आणि माझा जीव टांगणीला लागला होता. मग खट् झालं.

"ओ आये," निरंजनचा आवाज मलाही ऐकू आला.

आत्यांनी दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं.

"मी जित्ती हाय रं," त्या म्हणाल्या.

पलीकडून हुंदका आला. आत्या मग थांबेचनात. पिल्लं उद्या फुटतील, डोळ्यात औषध घातलंय, तुझं मशीन तुझ्यासारखंच हेकट हाय, शुभीनं वाचवलं, कधी येतूस. पहिल्याच वळणावर रेंज गेली. त्या बोलतच राहिल्या आणि मीही त्यांना सांगितलं नाही.