सोन्याच्या पलंगावरची झोप

अर्साक घराण्याचं दोनशे अठरावं वर्ष होतं. गरवाकची माणसं त्याला अजून ‘टोळ न आलेलं वर्ष’ म्हणतात. मी मात्र पलंगाचं वर्ष म्हणते. मी तेव्हा सतरा वर्षांची होते आणि माझे बाबा, ओरोबाझ, गरवाकचे राजे होते.

राजे म्हणजे काय, तर चार गावं, डोंगरातून आलेला एक पाट आणि नऊशे मेंढ्या. वर्षाला बारा घोडे अर्साकांच्या राजाधिराजांकडे पाठवायचे, बोलावणं आलं की लढाईला जायचं, बाकी आपल्या घरी आपण राजे. असे राजे त्यांच्या पदरी किती होते, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

आदल्या वर्षी बोलावणं आलं तसे बाबा चाळीस स्वार घेऊन निघाले आणि वाट चुकले. चुकत चुकत ते नेमके शत्रूच्या पाठीमागे निघाले. शत्रूला वाटलं, आपण घेरले गेलो. तो पळाला. बाबा त्याच्या मागे धावले, ते फक्त रस्ता विचारायला. पण राजधानीत ते पराक्रम म्हणून लिहिलं गेलं आणि बक्षीस म्हणून दोन मान आले. एक, टोपीचं टोक इतर मांडलिकांसारखं न दुमडता उभं ठेवायचं. दुसरा, सोन्याच्या पलंगावर झोपायचं.

पलंग आठ बैलांच्या गाड्यावरून आला. सोबत दरबारी निरीक्षक स्पोसक आला. पलंग दारातून आत जाईना, म्हणून भिंत पाडली. मग स्पोसकने फर्मान वाचलं. राजा पलंगावर झोपलेला निरीक्षकाने सात दिवसांच्या आत डोळ्यांनी पाहिला पाहिजे. न झोपल्यास मान नाकारला असं समजून राज्य शेजारच्या राजाला जोडण्यात येईल. आणि या पलंगावरून निघालेला राजाचा शब्द कुणालाही फिरवता येणार नाही, खुद्द राजालाही नाही.

शेजारचा राजा म्हणजे खालच्या नदीकाठचा. बारा वर्षं त्याचा आमच्या पाटावर डोळा होता. त्याने पाट वळवला असता तर आमच्या चार गावांत धोंडेच पिकले असते. त्याचा वकील दुसऱ्याच दिवशी हजर झाला आणि खजूर खात पलंगासमोर बसला.

“झोपायचंच ना? त्यात काय मोठंसं!” बाबा म्हणाले आणि आडवे झाले.

झोप येईना. पलंगाच्या चारही कोपऱ्यांवर सोन्याचे सिंह जबडे उघडून बसलेले. बाबांना जन्मभर मेंढ्यांच्या वाड्यात, घोंगडीवर, कुठल्यातरी कोकराच्या पोटाला पाठ लावून झोपायची सवय. त्यात हा स्पोसक हातभर अंतरावर तिवईवर बसून टक लावून पाहणार.

“अहो पाहुणे, जरा तिकडे बघा की.”

“महाराज, मी तिकडे बघितलं तर आपण झोपलात हे कोण बघणार?”

“पण तुम्ही बघताय म्हणूनच झोप येत नाहीये!”

“ते फर्मानात नाही,” स्पोसक म्हणाला. माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त फर्मानातलंच दिसायचं.

दिनाग आत्याने ताक पाजलं, तळपायांना तेल चोळलं. खसखशीचा काढा आणला तेव्हा स्पोसकने हात आडवा केला. “गुंगी म्हणजे झोप नव्हे.” एक कोकरू आणून बाजूला निजवलं, तर ते सिंहांना बघून ओरडत पळालं. पाचव्या दिवशी बाबांचे डोळे डाळिंबासारखे झाले होते.

“अरे ओरू,” आत्या करवादली, “लहानपणी पाळण्यात घालायच्या आत घोरायचास. आता राज्य बुडायची वेळ आली तर डोळे टक्क उघडे!”

“ताई, तू झोपून दाखव या सिंहांत!”

“मला कुणी राजा केलंय?”

सहाव्या दिवशी बाबांनी मला जवळ बोलावलं. “पोरी, उद्या संध्याकाळी पाट जाईल. लोकांना काय सांगू? लढाईत हरलो असतो तर सांगता तरी आलं असतं. झोप लागली नाही म्हणून राज्य गेलं, हे कुठल्या तोंडाने सांगायचं?”

मी रात्रभर विचार केला. बाबा हटकून झोपतात कुठे? मेंढ्यांच्या वाड्यात, आणि आणखी एका ठिकाणी. सकाळी मी उठले ती सरळ बरझक आणि तीरककडे गेले.

हे दोघे सख्खे भाऊ. त्यांच्या अंगणांच्या मधोमध एक तुतीचं झाड होतं. ते कुणाचं, याचा दावा बाबांपुढे नऊ वर्षं चालला होता. निकाल लागत नव्हता, कारण कैफियत सुरू झाली की बाबा झोपत.

“आज सुनावणी आहे,” मी म्हटलं. “पलंगापाशी.”

दोघे धावत आले. बरझकने पलंगाची उजवी बाजू धरली, तीरकने डावी.

“महाराज,” बरझक म्हणाला, “आमच्या पणजोबांनी जेव्हा ते रोप लावलं—”

“लावलं आजोबांनी!”

“तू जन्मला होतास का?”

“तू होतास?”

“माझ्या बाजूला मुळं सात आहेत, महाराज. मोजली आहेत. पहिलं मूळ विहिरीकडे जातं—”

दुसऱ्या मुळापाशी बाबांच्या पापण्या खाली आल्या. चौथ्याला ते घोरू लागले. स्पोसक उठला, वाकून पाहिलं, नाकापुढे पीस धरलं आणि कातड्यावर लिहिलं, ‘झोपले.’ वकिलाच्या हातातला खजूर गळून पडला. आत्या रडू लागली. मी तिचं तोंड दाबलं, बाबा जागे होतील म्हणून.

भाऊ मात्र थांबेनात. सातव्या मुळाला बाबा झोपेतच कण्हले आणि स्वच्छ आवाजात बोलले, “द्या रे! या दोघांना हा पलंगही द्या आणि राज्यही द्या. मला मेंढ्यांकडे जाऊ द्या.”

स्पोसकने तेही लिहिलं.

“अहो, झोपेत बोलले ते!” मी ओरडले.

“पलंगावरून बोलले,” स्पोसक म्हणाला. “झोपेतलं धरू नये असं फर्मानात नाही.”

वकील उडी मारून उठला. “म्हणजे राज्य गेलंच की यांचं!”

“यांचं गेलं. गरवाकचं नाही,” स्पोसक म्हणाला. “मान स्वीकारला गेलाय. पाट इथेच राहील.”

गलक्याने बाबा जागे झाले. “काय झालं?”

“तुम्ही झोपलात, बाबा!”

“खरंच? मग पाट?”

“पाट वाचला. पण राज्य तुम्ही या दोघांना देऊन टाकलंत.”

बाबांनी बरझककडे पाहिलं, तीरककडे पाहिलं, उभी टोपी काढून उशाशी ठेवली आणि पलंगावरून उतरले. “बरं झालं. सहा दिवस मेंढ्यांकडे कुणी बघितलेलं नाही.” आणि ते गेले.

बरझक आणि तीरकने बावीस वर्षं राज्य केलं. एक पलंगाच्या उशाला झोपायचा, एक पायथ्याला. दोघे एकमेकांशी बोलत नसल्यामुळे एकही हुकूम निघाला नाही आणि गरवाकला इतके सुखाचे दिवस पुन्हा आले नाहीत. लढाईचं बोलावणं आलं की प्रत्येक जण म्हणे, त्याला विचारा. तोवर लढाई संपायची.

शेजारच्या राजाला पुढे तसाच मान मिळाला. त्याला म्हणे छान झोप लागायची, पण तो झोपेत सगळ्यांना सगळं देत सुटला. त्याचा वकील आता आमच्याकडे खजूर विकतो.

स्पोसक दर दोन वर्षांनी पाहणीला यायचा. पुढे पुढे त्यालाच झोप लागेनाशी झाली. मग तो भावांना म्हणायचा, “जरा त्या मुळांचं सांगा.” शेवटच्या खेपेला तो तिसऱ्या मुळापाशी झोपला, तो उठलाच नाही. त्याचा देह आम्ही आमच्या रीतीप्रमाणे पाटाच्या वर, दगडी कड्यावर पक्ष्यांसाठी ठेवला.

दिनाग आत्याने ती उभी टोपी दही टांगायला घेतली. टोक असल्याने पाणी चांगलं निथळायचं.

बाबा एक्क्याऐंशी वर्षं जगले आणि भर दुपारी, वाड्यात, एका म्हाताऱ्या मेंढीला टेकून गेले. बराच वेळ आम्हाला कळलंच नाही. झोपलेत असंच वाटलं.

मी बरझकच्या मुलाशी लग्न केलं. तुतीचं झाड आता माझ्या अंगणात आहे, असं मी म्हणते. तीरकची नात तसं म्हणत नाही. काल ती सांगायला आली होती, मुळं सात नव्हेत, आठ आहेत.