दोन मासिकांतली एक गोळी

कोंडीरामांनी ‘सांजसोबत’ मासिकातलं पान कात्रीने नीट कापलं आणि बायकोच्या औषधांच्या फाइलीत सगळ्यात वर लावलं.

“सोमवारी डॉक्टरपुढे हेच ठेवतो. विसरण्यावर गोळी आली, नि हे लोक बोलत नाहीत. आपल्या पोरीला लिहावं लागतं.”

पोरीच्या, म्हणजे दीपिकाच्या हातातला चहा तसाच राहिला. लेख तिचाच होता. या गोळीवरून तज्ज्ञांमध्ये कशी जुंपलीय, तेही तिने लिहिलं होतं. ‘सांजसोबत’च्या दादरच्या ऑफिसात संपादक क्षितिजा मॅडमनी नेमका तेवढाच भाग काढला. “आपले वाचक सत्तरीतले गं. त्यांना धीर हवा. भांडणं त्या विज्ञानवाल्यांना दे.” दीपिकाने ती दुसऱ्या मासिकाला दिलीही. नोकरीत एवढं चालायचंच, अशी तिने मनाची समजूत घातली होती. आता सत्तरीतला एक वाचक तिच्याच घरात फाइल घेऊन बसला होता, आणि तिला स्वतःची लाज वाटली.

तिने पिशवीतून दुसरं मासिक काढलं.

“बाबा, हेही मीच लिहिलंय.”

कोंडीराम चष्मा पुसून वाचू लागले. फायदा कागदावर दिसतो, माणसात फारसा नाही, असं निम्मे तज्ज्ञ म्हणत होते. काही पेशंटच्या मेंदूला सूजही आली होती. म्हातारा ओळीगणिक खचत गेला.

“मग मी कापलं ते खोटं?”

“खोटं नाही. अर्धं.”

“आईला बोलू नको,” ते हळूच म्हणाले. “या गोळीवर जीव लावून बसलीय ती.”

कौसल्याबाई मेथीची जुडी घेऊन दारातच उभ्या होत्या.

“मला पूर्ण सांग गं. घाबरले तर घाबरले. उद्यापर्यंत माझ्या कुठं लक्षात राहतंय?”

कोंडीराम हसायला गेले आणि त्यांना रडूच फुटलं. दीपिकाने आईला शेजारी बसवून सगळं वाचून दाखवलं. मध्येच आईने दोन प्रश्न विचारले, अगदी नेमके. मग मेथी पुढ्यात ओढत म्हणाल्या, “नको ती गोळी. आहे तेवढं डोकं सांभाळू.”

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून त्या नवऱ्याजवळ आल्या. चेहरा कसा खुलला होता.

“अहो, ती गोळी कधी आणताय?”

कोंडीरामांनी चष्मा पुसला आणि दुसरं मासिक उचललं.

“बस इथं,” ते म्हणाले, आणि पहिल्यापासून सांगू लागले.