रांगेतली एकतिसावी चिठ्ठी

मी मीडियन बोलतोय. तुमच्या पुस्तकांत मला मध्यक म्हणतात. लहानापासून मोठ्यापर्यंत सगळ्यांना रांगेत उभं करा. बरोबर मधोमध जो येईल, तो मी.

पण इंग्रजांच्या तोंडी बसला तो ॲव्हरेज, म्हणजे सरासरी. पाऊस, पगार, कोंबड्यांची अंडी, सगळीकडे तोच. बेरीज करायची आणि सारखी वाटायची, एवढंच त्याचं कसब! त्याचं नाव निघालं की माझा जळफळाट होतो.

इंग्लंडच्या श्रॉपशरमधल्या आमच्या गावात मला नावाने हाक मारणारा एकच माणूस होता, गणिताचे मास्तर एडमंड थॅकरी. उन्हाळी जत्रेत फळांच्या केकचं वजन ओळखायची स्पर्धा असते; जो तो आपला अंदाज चिठ्ठीवर लिहून देतो. निकाल लागला की मास्तर सगळ्या चिठ्ठ्या क्रमाने मांडत, खऱ्या वजनाच्या अगदी जवळ निघणारी मधली उचलत आणि म्हणत, "हा बघा मीडियन! गावाला वजन कळतं."

फेब्रुवारीत मास्तर गेले. गावातून माझं नावही गेलं, असं मला वाटलं.

यंदा चहा वाढणाऱ्या बायकांनी घोळ घातला. केक तोलायच्या आधीच कापून वाढून टाकला.

"आता जिंकलं कोण?" कुणीतरी विचारलं.

"त्यात काय, ॲव्हरेज काढू," खजिनदार क्लाइव्ह म्हणाला.

झालं! पुन्हा तोच. पण बार्नबी खाटकाने गमतीने 'दोन टन' लिहिलं होतं. उत्तर आलं, अठ्ठ्याहत्तर पौंड.

"हेस्टरबाई, केकमध्ये विटा घातल्या होत्या का हो?" बार्नबी खदाखदा हसला.

"तुझी चिठ्ठी फाडतो आधी!" क्लाइव्ह चिडला.

"का म्हणून? माझाही अंदाजच आहे तो."

केक करणारी हेस्टर म्हणजे मास्तरांची बायको. बशा सरकवून तिने एकसष्ट चिठ्ठ्या क्रमाने मांडल्या. बार्नबीची शेवटी ठेवली, फाडली नाही. मग दोन्ही टोकांकडून एकेक बोट सरकवत ती एकतिसाव्या चिठ्ठीवर आली. चार पौंड अकरा औंस. पोस्टातल्या मेव्हिसबाईंचा अंदाज.

"हे पटतं बुवा," क्लाइव्ह म्हणाला. "याला काहीतरी म्हणायचे ना मास्तर?"

मी श्वास रोखून धरला.

हेस्टरने चिठ्ठीवरचा केकचा कण बोटाने टिपला. "एडमंडची चिठ्ठी," ती म्हणाली.

पुढच्या वर्षीही गाव तेच म्हणेल. इतकी वर्षं मी ॲव्हरेजवर जळलो. आता एका गेलेल्या माणसावर जळतो आहे.

वाचकहो, तुम्ही कधी अशी रांग मांडलीत, तर मधल्याला माझ्या नावाने हाक मारा. फक्त हेस्टरच्या टेबलाशी नको. तिथे मास्तरांचंच नाव राहू दे.