बाहेर कोणी नाही

एक्स्टेन्शन बोर्ड घरात येतो तो दोन दिवसांपुरता. मग तो कसा ठाण मांडून बसतो, हे तुम्हाआम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. एका हेडक्लार्कच्या घरी तो वर्षभर बसला होता. आईच्या खोलीत प्लगच नव्हता, आणि आईचा श्वास चालायचा ऑक्सिजनच्या मशीनवर. स्वयंपाकघरातून वायर ओढून कसंबसं भागत होतं. एके सकाळी सुनेचा पाय त्या वायरीत अडकला, मशीन बंद पडलं आणि ते पुन्हा सुरू होईपर्यंत आईचे ओठ निळे झाले. हेडक्लार्कच्या तोंडचं पाणी पळालं. भिंतीत प्लगचा बॉक्स बसवल्याशिवाय आता गत्यंतर नव्हतं.

पण भिंतीचं काम म्हणजे धूळ, आणि आईला धूळ चालणार कशी? तिला खोलीबाहेर हलवायचीही सोय नव्हती. दोन इलेक्ट्रिशियन छिन्नी-हातोडा घेऊन आले आणि पलंग बघून आल्या पावली परत गेले. तिसरी आली ती तिशीतली एक बाई. हातात जड पेटी, मागे चाकांवरचं धूळ ओढायचं मशीन.

"भिंत फोडायची आहे," हेडक्लार्क म्हणाले. "पण आईला त्रास होता कामा नये."

"फोडायची कशाला, काका? कोरू की," ती म्हणाली.

तिने लेव्हल लावून भिंतीवर बॉक्सच्या मापाचा साचा धरला. साच्याला भोकं होती. त्यांतून तिने ड्रिलने सारखीच खोल भोकं पाडली, आणि प्रत्येक भोकावर धूळ ओढणाऱ्या नळीचं रबरी तोंड दाबून ठेवलं. मग ड्रिलला एक चौकोनी, चारी कडांना दाते असलेली लोखंडी चौकट लावली. घरघर झाली, भिंत थरथरली, आणि चौकट लोण्यात शिरावी तशी विटेत शिरली. बाहेर काढली तेव्हा भिंतीत सरळ कडांचा, काटकोनाचा खण तयार होता. बॉक्स आत सरकवला तर अंगठ्याने दाबताच बसला.

हेडक्लार्क बघतच राहिले. जन्मात त्यांनी भिंतीला पडलेली भगदाडंच पाहिली होती. हातभर अंतरावर आईची पांढरी चादर होती. त्यांनी चादरीवरून बोट फिरवलं. बोट स्वच्छ!

"कमाल आहे," ते पुटपुटले.

"यंत्राची हो," ती हसून म्हणाली. "मी नुसती धरते."

नव्या वायरीच्या स्विचसाठी दुसरा बॉक्स दाराबाहेर, मीटरजवळ बसवायचा होता. तिथे दोन पाइप आडवे आलेले. नळीचं तोंड भिंतीला टेकेना. बाईने पेटीतून रबराचा तुकडा काढला आणि ती तो मापात कापत बसली. हेडक्लार्कनी घड्याळ पाहिलं. ऑफिसात साडेअकराला साहेबांची बैठक होती.

"ताई, इथे राहू द्या ते सगळं. दार लावून घेतो. नुसतं कापून टाका, बाहेर कोणी नाहीये."

बाईचा हात थांबला. "मी आहे ना, काका," ती शांतपणे म्हणाली.

हेडक्लार्क ओशाळले. पण सवयीचा माणूस, लगेच सावरून म्हणाले, "तसं नव्हे हो. तुम्हाला काय, रोजचंच आहे. तोंडाला रुमाल बांधा की."

तेवढ्यात आतून आईने हाक मारली. ते गेले. आईला एक वाक्य बोलायला तीनदा थांबावं लागे.

"खडीच्या मशीनवर मी कामाला होते, आठवतं ना?"

"आठवतं की. माझं शिक्षण त्याच्यावरच झालं."

"दगड भरडताना पाणी मारायचा पाइप होता तिथे. तपासणीवाला आला की पाणी सुरू. तो गेला की बंद. मी एकदा मुकादमाला विचारलं, पाणी का बंद केलं? तो म्हणाला, आता कशाला, आता कोणी नाहीये." आईने दम घेतला. "आम्ही चौदाजणी उभ्या होतो रे तिथे. रुमाल बांधूनच."

डॉक्टर सांगत ती आईच्या छातीतली धूळ हेडक्लार्कना एवढी वर्षं नुसता एक आजार वाटत होती. ती आली कुठून, हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

ते बाहेर गेले. ऑफिसात फोन करून उशीर होईल म्हणून सांगितलं. "माझं चुकलं, ताई. नळी मी धरतो," म्हणाले आणि पाइपांच्या मागे हात घालून त्यांनी ते रबरी तोंड भिंतीला दाबून धरलं. हाताला मुंग्या आल्या, तरी सोडलं नाही. खण पुरा झाल्यावर बाईने मशीनचं झाकण उघडून दाखवलं. आत लालसर, पिठाहून बारीक धूळ साचली होती. दोन तळहाताएवढे खण, आणि ओंजळी भरून धूळ! ही एका माणसाच्या छातीत गेली असती, आणि हे बैठकीला वेळेवर पोचले असते.

दुपारी आईचं मशीन नव्या प्लगवर सुरू झालं. ते पलंगाशी बसले.

"आई, त्या बाकीच्या तेराजणी?"

"दोघी आहेत अजून," आई म्हणाली.

मंडळी, धूळ उडवणारं काम आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरी कधी ना कधी निघतंच. ते काढण्याआधी धूळ ओढायची सोय आहे का, एवढं विचारा. असेल तर ती वापरायला लागणारा वेळ कुरकुर न करता द्या, आणि लागलाच तर हातही. आपल्या भिंतीसाठी कुणाचा श्वास खर्ची पडू नये.