कूलरची बॉडी आणि चार तलंगा

मित्रांनो, मी एक जुना कूलर आहे, असं सांगताना माझा मलाच संकोच वाटतो. माझी मोटार जळाली, पंखा दुसऱ्याच्या पोटात गेला आणि पंप कुठे गेला ते देव जाणे. उरली आहे नुसती पत्र्याची बॉडी. तरी माझी हकीकत ऐका, कारण माझं खरं काम वारा थांबल्यावरच सुरू झालं.

लोहारा गावच्या एका शेडमध्ये पत्रा कापून, वाकवून मला घडवलं. तिथून मी ढाणकीला गफ्फारभाई मिस्त्रींच्या घरी आलो. नऊ उन्हाळे मी त्या घरावर वारा घातला. आवाज असा, की टीव्हीतल्या माणसांनी नुसती तोंडं हलवावीत! पण दुपारी दारातून आलेला माणूस आधी माझ्यापुढे बसायचा, मग पाणी मागायचा. दहाव्या उन्हाळ्यात मोटार जळाली. गावभरचे कूलर दुरुस्त करणाऱ्या गफ्फारभाईंना घरच्या कूलरसाठी मात्र सवड मिळेना. प्लास्टिकचा नवा कूलर आला आणि मी अंगणात खुराड्याशेजारी पडलो. गरज सरो, वैद्य मरो! मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

त्याच वर्षी गफ्फारभाईंच्या मुलाचं, इमरानचं लग्न झालं आणि घरात नवी सून आली, गझाला. दिवाळीच्या सुमारास ती माहेरी गेली आणि येताना आईने दिलेल्या चार तलंगा घेऊन आली. तलंगा म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या. तिने हौसेने त्या थेट अंगणात सोडल्या. तिथे सासूबाईंच्या, म्हणजे शहनाजबींच्या सात कोंबड्या होत्या आणि त्यांची म्होरकी होती तांबडी. ती असली खाष्ट की मांजरही तिला वाट द्यायचं. घटकाभरात पिसं उडाली. तलंगांतल्या सगळ्यांत लहान कबरीचं डोकं रक्ताळलं.

शहनाजबी म्हणाल्या, "तुझ्या कोंबड्या इथं टिकत नाहीत, बेटा. बाजाराच्या दिवशी विकून टाक."

कबरीच्या डोक्याला हळद लावताना गझालाचे डोळे भरून आले. माहेरची भेट बाजारात कशी न्यायची?

शेजारच्या मथुराबाईंनी कुंपणावरून सगळं पाहिलं होतं. त्या म्हणाल्या, "रडतं कायले, पोरी? पाहुन्याले कोनी एकदम चुलीपाशी नेते का? पंधरा दिवस मधात जाळी ठेव. एकमेकींले दिसू दे, पन चोच लागू देऊ नको. अन् दाने जाळीले लागून टाकजो, दोन्हीकडून."

गझालाची नजर अंगणभर फिरली आणि माझ्यावर थांबली. मित्रांनो, किती दिवसांनी कुणी माझ्याकडे असं पाहिलं होतं! तिने माझ्या गवताच्या कुजलेल्या ताट्या काढल्या. तीन बाजूंना बारीक जाळी उरली. पंख्याच्या भोकाला फळी लावली, एक बरी ताटी खाली अंथरली आणि चौघींना आत ठेवलं.

पहिले चार दिवस तांबडीने माझ्यावर चोची मारल्या. टक, टक, टक! त्या सगळ्या चोची माझ्या पत्र्यावर बसल्या, कबरीच्या डोक्यावर नाही. एवढा अभिमान मला नऊ उन्हाळ्यांतही वाटला नव्हता. मग हळूहळू भांडणापेक्षा कण्या गोड लागू लागल्या. जाळीच्या आत चार माना आणि बाहेर सात, एकाच वेळी खाली वाकत.

सोळाव्या दिवशी संध्याकाळी कोंबड्या बसायला लागल्यावर गझालाने चौघींना खुराड्यात सरकवलं आणि माझी फळी कोंबडी शिरेल एवढी उघडी ठेवली. सकाळी शहनाजबींनी खुराड्याचं दार उघडलं. गझाला ओढणीचं टोक दाताखाली धरून उभी होती. अकराही बाहेर आल्या. तांबडीने कबरीला एक टोच मारली. कबरी धावत माझ्या पोटात शिरली. तांबडी फळीशी आली, आत डोकावली आणि माती उकरायला निघून गेली. थोड्या वेळाने कबरीही तिच्यामागून गेली.

फेब्रुवारी सरला. उन्हं तापू लागली तसे गफ्फारभाई पाना घेऊन माझ्यापाशी आले. "गिऱ्हाइकाले बॉडी पाहिजे. हे कोपऱ्यात सडून राह्यली," असं म्हणत त्यांनी फळी पूर्ण सरकवली. आत ताटीवर कबरी बसली होती. ती उठली तेव्हा तिच्याखाली एक लहानसं अंडं होतं.

शहनाजबी लगबगीने आल्या. वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "इमरानचे अब्बा, पाना ठेवा. गिऱ्हाइकाले दुसरी बॉडी द्या. आपली कबरी अंड्यावर आली."

चार महिने त्या कोंबड्या 'तुझ्या' होत्या. गझालाने ते अंडं ओढणीत घेतलं आणि सासूकडे पाहून हसली.

मित्रांनो, जुनं म्हणून कुणाला कोपऱ्यात टाकण्याआधी एकदा त्याच्याकडे नीट पाहा. आणि तुमच्या घरात, वर्गात कुणी नवं आलं, तर थोडे दिवस मध्ये जाळी असली तरी चालेल. दाणे मात्र दोन्हीकडे टाका.