पाण्याचा एक

"तू लिहिलंस ना? मग झालं," असं म्हणून भगवानने स्क्रीनकडे न बघताच हिरव्या बटणावर अंगठा टेकवला.

मोबाईल दौलतचा होता आणि त्यावर भगवानचे आकडे दौलतनेच भरले होते. खरं तर भगवानने नऊच्या नऊ होलचे आकडे एकदा वाचून बघायला हवे होते. सकाळी प्रीती मॅडमनी सगळ्या कॅडींना एका रांगेत उभं करून घसा फोडून सांगितलं होतं. यंदा कागदाची कार्डं बंद, सगळं ॲपवर. प्रत्येकाने आपल्या जोडीदाराचा स्कोअर, म्हणजे कुठल्या होलला किती फटके लागले ते, भरायचा, जोडीदाराने तपासायचा आणि मगच हिरवं बटण दाबायचं. "एकदा दाबलं की संपलं. जास्त आकडा गेला तर तोच धरणार. कमी गेला तर प्लेयर बाद. मग माझ्याकडे रडत यायचं नाही!" असं त्या क्लबच्या मॅनेजर म्हणून दोनदा बजावून गेल्या होत्या.

पण भगवान आणि दौलत मिसरूड फुटलं तेव्हापासून एकत्र साहेब लोकांच्या गोल्फच्या बॅगा उचलत होते. त्याने लिहिलेलं आपण तपासायचं म्हणजे सख्ख्या भावाने वाढलेल्या ताटातल्या भाकऱ्या मोजायच्या. शिवाय दौलतच्या मोबाईलची काच तडकलेली आणि वर ऊन रणरणतं. कोण बघतंय?

घोडबंदर रोडचे टॉवर संपले की येऊरच्या डोंगराला पाठ लावून हे नऊ होलचं गोल्फचं मैदान पसरलेलं आहे. सोमवारी मेंबर लोकांना सुट्टी, म्हणून त्या दिवशी कॅडींनी खेळायचं, ही जुनी पद्धत. वर्षातून एकदा कॅडी कप, ज्याचे फटके सगळ्यात कमी तो जिंकला. आजवर जिंकणाऱ्याला प्रेशर कुकर मिळायचा नाहीतर छत्री. यंदा मात्र क्लबने जाहीर केलं होतं, की जो जिंकेल तो सरावाच्या मैदानावर मदतनीस कोच. एक तारखेला पगार, पीएफ, दवाखान्याचं कार्ड आणि बसायला खुर्ची. खांद्यावर बॅग कायमची बंद. कॅडींमध्ये महिनाभर दुसरा विषय नव्हता.

दौलतचा डावा गुडघा कधीच कामातून गेला होता. चढ आला की तो कळ दाबून हसायचा, साहेब लोकांना वाटायचं माणूस मोठा आनंदी आहे. सकाळी निघताना उत्तरा म्हणाली होती, "अहो, जिंका नाहीतर हरा, पण पट्टा बांधून जा." म्हणायला हरा, पण डोळ्यांत तिच्या दुसरंच होतं. नवऱ्याला ते न कळायला तो काही दगड नव्हता. भगवानचंही तेच रडगाणं, फक्त गुडघ्याच्या जागी खांदा. त्यात त्याची मुलगी पायल नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला.

आणि आज दोघांचं नाव एकाच जोडीत निघालं! नशिबाला पण काय खाज असते बघा.

बटण दाबायच्या जरा आधी, शेवटच्या होलवर दौलतचा चेंडू खड्ड्यापासून हातभर अंतरावर होता. हा आत गेला की बरोबरी, मग दोघांचा पुन्हा एक होल. हातभर! झोपेत पण जाईल असा. दौलतने मारला, चेंडू खड्ड्याच्या काठावर गेला, आत डोकावला आणि बाजूला होऊन बसला. एकाने गेलं. फक्त एकाने. दौलतला वाटलं, आपण इथेच या गवतावर फतकल मारावं आणि लहान पोरासारखं भोकाड पसरावं. पण भगवानने येऊन त्याला मिठी मारली, तेव्हा "जिंकलास रे भडव्या," असं तो मनापासून म्हणाला. अगदी मनापासून. निदान त्या वेळी तरी.

भगवानने लगेच बायकोला फोन लावला. "शकू, झालं गं! अगं हो, मीच. संध्याकाळी सांगतो सगळं. नाही, पेढे नको आणू एवढ्यात... बरं, आण."

कँटीनच्या टीव्हीवर निकाल लागला होता. कॅडी चहाचे ग्लास घेऊन खाली गर्दी करून उभे होते. वरती पहिलं नाव भगवानचं, दुसरं दौलतचं. दौलतने चहाचा घोट घेतला आणि नावांपुढचे आकडे बघितले.

दोघांत फरक दोनचा दिसत होता.

दोनचा कसा? तो एकाने हरला होता. तो हातभराचा फटका गेला असता तर बरोबरी होती, हे त्याला आपल्या नावाइतकं पक्कं माहीत होतं. तो ग्लास तसाच ठेवून बॅगांच्या खोलीमागे गेला आणि त्याने मोबाईल उघडला. एकेक होल बघत गेला. पहिला बरोबर, दुसरा बरोबर. सहाव्या होलवर भगवानच्या नावापुढे पाच.

सहावा म्हणजे तळ्याचा होल. भगवानचा पहिलाच चेंडू डुबुक करून पाण्यात गेला होता. मग दुसरा चेंडू ठेवून खेळला. मारलेले फटके पाच आणि पाण्याचा दंड एक, म्हणजे सहा. मनात दौलतने सहाच मोजले होते. अंगठ्याने मात्र पाच लिहिले होते.

हा अंगठा सबनीस साहेबांचा होता. साहेब क्लबचे मेंबर, दर रविवारी त्यांची बॅग दौलतच उचलायचा. डोंबिवलीच्या एमआयडीसीत साहेबांचा रंगाचा कारखाना, माणूस दिलदार, दिवाळीला न चुकता मिठाई. मेंबरांच्या खेळात ॲप आधीच आलं होतं, आणि तेव्हापासून साहेबांचा स्कोअर दौलतच भरायचा. साहेबांचा चेंडू तळ्यात जायचाच, आणि प्रत्येक वेळी ते हात झटकून म्हणायचे, "पाण्याचा एक सोड रे दौलत, सगळेच सोडतात." दौलत सोडायचा. पुढे पुढे साहेबांना सांगावंही लागेना. तळं आलं की अंगठा आपोआप एक कमी लिहायचा. तो मेला आज कोणासाठी लिहितोय ते बघायला विसरला.

आता काय?

गप्प बसलं तर? भगवान तसाही जिंकलाच होता. एकाने काय, दोनाने काय. कोणाचं काही लुटलं नव्हतं. पण बोललं तर कमी आकड्यावर सही, म्हणजे भगवान बाद. आणि दुसरा कोण? आपणच! नोकरी आपल्याला, खुर्ची आपल्याला. सगळं जग म्हणणार, दौलतने बरोबर काटा काढला. असं म्हणणारं जग चूक असेल का, हे सुद्धा त्याला त्या घडीला नीट सांगता आलं नसतं.

कप द्यायला अजून थोडा वेळ होता. हिरवळीवर खुर्च्या मांडायला सुरुवात झाली होती, समारंभासाठी मेंबरांच्या गाड्या यायला लागल्या होत्या. दौलत पाणी प्यायला गेला, परत आला, पुन्हा गेला. शेवटी त्याने भगवानचा दंड धरला आणि त्याला बॅगांच्या खोलीमागे आणलं.

"भगवान, सहाव्याला तुझे सहा होते ना?"

"हो. पाण्यात गेलेला ना. का?"

"मी पाच टाकलेत."

भगवान आधी हसला. मग त्याचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं आणि डोळे बदलले. "दाखव."

दौलतने दाखवलं. भगवानने मोबाईल उन्हाआड धरून बराच वेळ बघितलं.

"मुद्दाम केलंस?"

"आईशप्पथ नाही रे! ते सबनीस साहेबांचं... सवय लागली हाताला. तळं दिसलं की एक सोडायचा."

"आणि आत्ता कशाला सांगतोयस?"

"कोणाला कळणार नाय भगवान. मी तोंड उघडत नाय. तू जिंकलायस, खरा जिंकलायस. आपण दोघंच..."

"दोघंच ना?" भगवानचा आवाज एकदम चढला, मग त्याने तो दाबला. "अरे, दहा मिनिटांपूर्वी मी जिंकलेला माणूस होतो. आता चोर झालो. तुला एवढंच गप्प बसायचं होतं, तर मला न सांगता बसायचं! तुझ्या छातीवरचा धोंडा काढून माझ्या छातीवर ठेवलास तू."

"चुकलं माझं."

"एक सांग दौल्या. खरं सांग. तू दुसरा नसतास, तिसरा असतास, तर आला असतास मला सांगायला?"

दौलतने मान खाली घातली. या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे असतं तर त्याने दिलं असतं, मग ते कितीही वाईट असो. पण नव्हतंच. सांगावंसं वाटलं तेव्हा त्याच्या डोक्यात भगवान होता की गुडघा, हे त्याचं त्यालाच कळलं नव्हतं. तिकडे माईकवर कोणीतरी 'हॅलो, हॅलो' करत होतं. भगवानने शर्ट खाली ओढून नीट केला आणि तो तिकडे निघून गेला.

मेंबर लोक पुढे खुर्च्यांवर, कॅडी मागे उभे. सबनीस साहेब पहिल्या रांगेत, आजचा कप त्यांच्याच हस्ते. प्रीती मॅडमनी भगवानचं नाव घेतलं आणि कॅडींनी शिट्ट्या मारल्या. घे, दौलतला ओरडून सांगायचं होतं, घे तो कप आणि घरी जा! आणि त्याच वेळी त्याच्या आत कोणीतरी दुसराच माणूस कान टवकारून बसला होता. त्या माणसाची त्याला किळस आली.

भगवान कपाजवळ गेला, पण त्याने हात पुढे केला नाही. "मॅडम, एक बोलायचंय. सहाव्या होलला माझे सहा झालेले. ॲपमध्ये पाच गेलेत. मी न बघता बटण दाबलं."

घोडबंदरच्या ट्रकांचे हॉर्न तेवढे ऐकू येत होते.

प्रीती मॅडमनी मोबाईल बघितला, मग भगवानकडे. "भगवान, नीट आठवून बोल. कमी आकडा गेला असेल तर मला तुला बाद करावं लागेल. माझ्या हातात काही नाही."

"नीट आठवतंय मॅडम."

"पण तू तसाही पहिलाच येतोस की रे!" त्यांनी मोबाईल त्याच्यापुढे धरला. "सहा धरले तरी एकाने पुढे आहेस."

"सकाळी तुम्हीच सांगितलेलं ना, रडत यायचं नाही."

कोणीतरी मागून विचारलं, स्कोअर भरला कोणी? सगळ्या माना दौलतकडे वळल्या. कॅडींच्या रांगेतून एक शिवी आली, हळू पण स्पष्ट. सबनीस साहेबांनी खुर्चीतूनच मान वळवली आणि लहान मुलाला समजावावं तशा सुरात म्हणाले, "काय हे दौलत? पाण्याचा दंड धरायला विसरतात का कोणी? गोल्फमध्ये प्रामाणिकपणा पहिला!" दोन-तीन मेंबर हसले. साहेब अगदी मनापासून बोलत होते. त्यांना खरोखर काहीही आठवत नव्हतं.

दौलतच्या जिभेवर सगळं आलं. प्रत्येक रविवार आला, प्रत्येक 'सोड रे' आला. त्याने तोंड उघडलं. पण बोलून काय होणार होतं? अंगठा तर त्याचाच होता. सोडताना त्याला कधी लाज वाटली नव्हती, दिवाळीची मिठाईही घशाखाली उतरली होती. "चुकलं, साहेब," एवढंच तो म्हणाला.

नियमाने नोकरी दौलतची झाली. कप घ्यायला त्याचे पाय उचलेनात. गुडघ्यामुळे नव्हे. टाळ्या मेंबरांनी वाजवल्या, कॅडींनी नाही. नको म्हणावं असं त्याला एकदा वाटून गेलं. पण त्याने नको म्हटलं तर तिसऱ्याला जाणार होती, भगवानला नाही. आणि घरी उत्तरा होती. त्याने दोन्ही हातांनी कप घेतला, सबनीस साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, कोणीतरी फोटो काढला.

रस्त्यावर वागळे इस्टेटच्या शेअर रिक्षा लागतात. दौलत मुद्दाम उशिरा निघाला, तर भगवान तिथेच उभा. रिक्षा आली. दौलत मागे बसला आणि सरकून त्याने जागा केली. मागची सीट सगळी रिकामी होती. भगवान पुढे गेला आणि ड्रायव्हरच्या बाजूला, अर्ध्या ढुंगणावर, दांड्याला धरून बसला.

"मागे बसा ना काका, आहे की जागा," ड्रायव्हर म्हणाला.

"राहू दे."

ट्रॅफिकमध्ये रिक्षा इंच इंच सरकत होती. कप दौलतच्या मांडीवर होता. तो कुठे ठेवावा, कसा झाकावा, त्याला कळत नव्हतं. भगवानचा फोन वाजला. त्याने दोनदा वाजू दिला, मग उचलला.

"हां शकू. येतोय, ट्रॅफिक आहे." पलीकडून बराच वेळ कोणीतरी उत्साहाने बोलत होतं. मागे चाळीतल्या बायकांचे आवाज, हसणं. "शकू, ऐक जरा. नाय झालं. नाय गं, माझीच चूक. आकडा तपासायचा असतो, मी तपासला नाय." मग म्हणाला, "दौलतला मिळाली. नाय, तसलं काय नाय. चांगला खेळला तो. तू त्या पेढ्यांतले अर्धे उत्तरावहिनींकडे पाठव. पायलला सांग, आत्ताच घेऊन जा म्हणावं."

त्याने फोन खिशात टाकला. दौलतने हात पुढे केला, भगवानच्या दुखऱ्या खांद्यावर ठेवावा म्हणून. रिक्षाने खड्ड्यात गचका खाल्ला, भगवानने दांडा घट्ट धरला आणि तो आणखी थोडा पुढे सरकून बसला. दौलतने हात मागे घेतला.