चौथ्या प्रकारचा ग्रह

आमच्या खात्यात ग्रहांचे चार प्रकार: राहण्याजोगा, तापलेला, गोठलेला आणि मेलेला. चौथा शिक्का बसला की ग्रह खाणवाल्यांचा. ते तो फोडून लोखंड काढून नेतात. एकतीस वर्षं मी शिक्के मारतेय. माझा एकही शिक्का चुकलेला नाही, हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगायचे.

माझी मुलगी दोन वर्षांपूर्वी याच खात्यात लागली. सोमवारी सकाळी ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. हातात बावीस वर्षांपूर्वीची फाइल, खाली सही माझी.

"मॅडम, हा मेलेला नाहीये. आणि परवा फोडायला घेणारेत." ऑफिसात ती मला मॅडमच म्हणते.

"नमुने बघितलेस? नुसती राख आहे," मी तडकले.

"सगळे नमुने उन्हातले आहेत."

"मग? आपलं यंत्र उन्हावर चालतं. ते उन्हातच उतरणार ना!"

"पण हा ग्रह त्याच्या सूर्याकडे कायम एकच बाजू धरून असतो. एक बाजू भाजतेय, दुसरी अंधारात. मधल्या पट्ट्यात कुणी यंत्र उतरवलंच नाही. मी दुर्बिणीच्या नोंदी काढल्या. तिथे पाणी आहे. काहीतरी हिरवंही आहे, आणि ते वर्षागणिक पसरतंय."

माझा पारा चढला. कालची पोर मला शिकवणार! तिची चूक काढायचीच म्हणून दुपारपर्यंत एकेक आकडा तपासला. तिचे आकडे चोख होते. चूक सापडली ती माझी. तो शिक्का मारला त्या दिवशी मी बासष्ट ग्रह हातावेगळे केले होते, तेव्हाच्या साहेबांनी पाठही थोपटली होती. त्या घाईत 'ग्रह स्वतःभोवती कसा फिरतो' हा रकाना मी कोराच सोडला होता. लाज वाटली, खोटं कशाला बोलू? पण त्याहून जास्त ऊर भरून आला.

फाइल घेऊन आताच्या साहेबांकडे गेले. ते म्हणाले, "चार महिन्यांत निवृत्त होताय, बाई. यंत्र बिघडलं होतं असं लिहू या."

"यंत्र ठणठणीत होतं," मी म्हटलं. "घाई मला झाली होती."

खाणवाल्यांना थांबवलं. आमच्याकडे दुरुस्तीचा कागद चुकणाऱ्यानेच स्वतःच्या हाताने लिहून दारातल्या फळ्यावर लावायचा असतो. मी ठसठशीत अक्षरात लिहिला. शेवटच्या ओळीत लिहिलं, 'चूक शोधणारी: माझी मुलगी.'

कारकून घुटमळला. "मॅडम, इथे हुद्दा लिहितात. नातं नाही."

"राहू दे," मी म्हटलं. "चूक माझी आहे, मुलगीही माझीच आहे."